मोजपट्टी

तिनं नळ्यांचा अख्खा स्टँड उचलला आणि एकेक नळी जंतुनाशकाच्या बादलीत रिकामी करायला सुरुवात केली. सकाळभराचं काम बुडबुडे काढत तळाशी गेलं.

"पुन्हा करा," ती म्हणाली. "अगदी पहिल्यापासून."

तंत्रज्ञ स्टुलावरून उठला नाही. उंचापुरा, पन्नाशीकडे झुकलेला माणूस. हातात काम असो की नसो, तोंडानं सतत काहीतरी गुणगुणत असायचा. या लॅबमध्ये तो नवीन होता आणि त्याच्या गुणगुणण्याचा तिच्या डोक्याला रोज ताप होता.

"ताई, दोनदा केलंय. दोन्ही वेळा तेच आलं."

"दोन्ही वेळा चुकलं म्हणून तेच आलं."

एवढं बोलली आणि तिला शिंक आली. मास्क आतून ओला झाला होता. तिनं तो काढून टाकला, नवा लावला आणि पुन्हा पडद्यासमोर जाऊन उभी राहिली.

पडद्यावर चार रेघा होत्या. सगळ्यात खाली सपाट पडलेली होती ती वॉर्डातल्या आठ महिन्यांच्या बाळाची. मधे, एकमेकींना चिकटून, बाळाच्या आईची आणि वडिलांची. आणि या सगळ्यांच्या डोक्यावरून थेट पडद्याच्या वरच्या काठाला टेकली होती ती खुद्द तंत्रज्ञाची. पडद्याच्या कडेला तिनं फार पूर्वी पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवला होता. निरोगी माणसाची रेघ इथवर येते, असा त्याचा अर्थ. बाळाच्या आईवडिलांच्या रेघा बरोबर त्या पट्टीशी येऊन थांबल्या होत्या. तंत्रज्ञाची दुप्पट उंच गेली होती.

मोजायचं एवढंच होतं, की पांढऱ्या पेशीचं दार उघडतं की नाही. जंतू आल्याचा इशारा मिळाला की ही पेशी आपल्या पोटातला कॅल्शियमचा छोटा साठा रिता करते. तो रिता झाला की तिच्या भिंतीतली बारीक दारं उघडतात आणि बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं. ते आत आलं की मग ती खरी जागी होते आणि लढायला लागते. दारच उघडलं नाही तर इशारा मिळूनही ढिम्म बसून राहते. लॅबमध्ये पेशींना आधी एक रंग पाजायचा, तो कॅल्शियम भेटलं की चमकतो. मग औषध घालून साठा रिकामा करायचा, बाहेरून कॅल्शियम सोडायचं आणि यंत्राला रेघ काढू द्यायची. यात न समजण्यासारखं काय आहे हे तिला आजवर कळलं नव्हतं. पण कॅल्शियम म्हटलं की माणसं दुधावर आणि हाडांवरच जायची. दूरचे नातेवाईक भेटले की गुडघेदुखीवर गोळी विचारायचे. तिला त्याचा वीट आला होता.

प्रत्येक यंत्राचे आकडे वेगळे. त्यामुळे शेजारी एक निरोगी माणूस मोजायचा आणि पेशंट त्याच्या किती टक्के, ते लिहायचं, अशी पद्धत. या लॅबमधला निरोगी माणूस म्हणजे ती. शिरा ठळक, रोज हजर, कुरकुर नाही. वर्षानुवर्षं तिच्याच दंडातून रक्त निघत होतं आणि सगळे तिला पाठीमागे, आणि आता तोंडावरही, 'मोजपट्टी' म्हणायचे. मधूनच कुणी हौसेनं स्वतःचं रक्त लावून बघायचं आणि त्याची रेघ पट्टीच्या वर जायची. रंग जास्त पडला, हाताला वळण नाही, असं म्हणून ती ते टाकून द्यायला लावायची. पण सर्दीखोकला झालेल्याचं रक्त घ्यायचं नाही, हा नियमही तिचाच. तिनंच तो जाड अक्षरात भिंतीवर लावला होता. म्हणून आज बाही तंत्रज्ञानं वर केली होती, आणि हा घोळ झाला होता.

टेबलावरचा फोन वाजला. बाळाची डॉक्टर होती.

"रिपोर्ट कुठवर आला?"

"मोजपट्टी बिघडलीय."

"म्हणजे तुम्ही?"

"म्हणजे माझ्या जागी घेतलेला माणूस. त्याची रेघ अवाच्या सवा चढतेय."

"हे बघा," डॉक्टर म्हणाली. तिचाही आवाज थकलेला होता. "बाळाचं शून्य मला दिसतंय. मला आईबाप हवेत. दोघांची दारं अर्धी चालत असतील, तर अर्धा दोष इकडून, अर्धा तिकडून, आणि निदान पक्कं. मी आजच पुढची तयारी सुरू करते. पण दोघं पूर्ण निरोगी असतील तर बाळाचं शून्य कशामुळे, ते मला माहीत नाही. मग आम्ही पुन्हा चाचपडत बसणार. तेवढा वेळ बाळाकडे नाही."

"पट्टी धरली तर दोघं पूर्ण आहेत."

"आणि तो माणूस धरला तर?"

"अर्धे."

"मग कुठलं खरं?"

"तेच शोधतेय," ती म्हणाली आणि फोन ठेवला. ठेवताना जरा आपटलाच.

तेवढ्यात खिशातला वाजला. आई. दिवसातून चारदा वाजणारा हा फोन न उचलावा तर पाचव्यांदा वाजायचा, म्हणून तिनं उचलला.

"नाक वाहतंय का अजून?"

"आई, मी कामात आहे."

"कानटोपी घातलीस?"

"खोलीत कुणी कानटोपी घालतं का?"

"खोलीत ते थंड हवेचं यंत्र असतंच की तुमच्या. आणि तुमच्या त्या कॅल्शियमवाल्यांना सांग, तुला दूध द्यायला."

तिनं डोळे मिटून घेतले. तंत्रज्ञ पाठ करून नवीन नळ्या मांडत होता, पण त्याचे खांदे हलत होते, म्हणजे ऐकत होता.

"बरं, मानेला हात लावून बघ. घाम आहे का?"

"आहे," ती मानेला हात न लावता म्हणाली. हे उत्तर ती शाळेत असल्यापासून देत आली होती.

आईचं हे वेडच होतं. घरात कुणीही आलं, की पाणी द्यायच्या आधी आई त्याच्या कॉलरमध्ये हात घालून मान चाचपायची. ओली लागली की तिचा जीव भांड्यात पडायचा. कोरडी लागली की स्वेटर. जावयाच्या मानेत हात घातला तेव्हा तो बिचारा लाजून चूर झाला होता. याचं मूळ कशात होतं ते घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलायचं नाही. आईचा धाकटा मुलगा, तिच्या पाठचा सोन्या, वर्षाचा व्हायच्या आत न्यूमोनियानं गेला. आत्यानं तेव्हा भर घरात सांगितलं होतं, की हिनं तापलेल्या पोराला गार पाण्यानं आंघोळ घातली, वर उघडं ठेवलं, आता रडून काय उपयोग. आत्या त्यानंतर प्रत्येक लग्नकार्यात तेच सांगत राहिली. आईनं उलट एक शब्द कधी काढला नाही. ती फक्त इतरांना गुंडाळत राहिली.

"हे मेले फोन," ती पुटपुटली आणि दार उघडून बाहेर आली.

बाहेर बाकावर बाळाची आई बसली होती. शेजारी तिची सासू, मांडीवर पिशवी घट्ट धरून. रिपोर्ट वॉर्डात जातो, इथं थांबायचं नसतं, हे त्यांना सकाळी दोनदा सांगून झालं होतं.

"झालं का?" बाळाच्या आईनं विचारलं.

"नाही. झालं की डॉक्टर सांगतील."

"त्यात कळेल का, माझं काय चुकलं ते?"

"रिपोर्टमध्ये तसं काही लिहीत नाहीत."

"लिहायला कशाला हवं," सासू पिशवीकडे बघत म्हणाली. "कॅल्शियमचा आजार म्हणतात ना. हिला दूधच नव्हतं पुरेसं. मी तेव्हाच म्हणाले होते, वरचं सुरू कर. माझं ऐकतंय कोण."

बाळाची आई ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत राहिली. खरं तर आत जाऊन काम बघायला हवं होतं, पण ती बाईकडे बघत तिथेच उभी राहिली. मग विचारायचं म्हणून विचारलं,

"बाळाला घाम येतो?"

बाईनं मान वर केली. "नाही येत. उन्हात नेलं तरी अंग नुसतं तापतं, पण कोरडंच. डॉक्टरबाईंनीही हेच विचारलं. का हो?"

"घामाच्या ग्रंथींनाही तीच दारं असतात," ती म्हणाली. "बसा तुम्ही. बघते मी."

आत आली तेव्हा तंत्रज्ञाची तिसरी फेरी यंत्रावर चढली होती. रंग त्यानं यावेळी तिच्यासमोर मोजून घातला. दोघं पडद्याकडे बघत उभी राहिली. रेघ चढली, पट्टीपाशी आली, आणि थांबायचं नाव न घेता वर निघून गेली.

"रंग बरोबर होता," तो म्हणाला.

"मग तुमचंच रक्त विचित्र आहे."

"असेल. बायको पण असंच म्हणते."

हसायला वेळ नव्हता. तिनं समोरच्या कार्यालयातून कारकुनाला बोलावून आणलं. सुई बघून तो पांढराफटक पडला. "मॅडम, माझं रक्त मुळातच कमी आहे," म्हणाला, तरी तिनं त्याला खुर्चीत बसवलं, पंखा लावला आणि दोन नळ्या काढल्या. त्यानं जाताना तीन वेळा विचारलं की यात काही रोग निघाला तर सांगाल ना. त्याच्या पेशी वेगळ्या करण्यात आणि रंग पाजण्यात जेवणाची वेळ गेली. डॉक्टरचा आणखी एक फोन येऊन गेला. मग कारकुनाची रेघ निघाली. ती पट्टी ओलांडून तंत्रज्ञाच्या रेघेला जाऊन मिळाली.

तिनं कपाळाला हात लावला. दोन माणसं, एक धडधाकट, एक सुईला घाबरणारा, आणि दोघांची दारं एकसारखी सताड उघडी. यंत्रच बिघडलं म्हणावं, तर बाळाच्या आईबापांच्या रेघा का चढल्या नाहीत?

"कॅल्शियमची बाटली नवी उघडलीत?"

"जुनीच आहे. तुम्हीच उघडलेली."

"तपमान?"

"बघा तुम्ही."

तिनं बघितलं. बरोबर होतं. सगळं बरोबर होतं, आणि बरोबर असलेल्या गोष्टीवर चिडून तरी काय करायचं. तंत्रज्ञ पुन्हा गुणगुणायला लागला.

"तुम्ही जरा गप्प बसाल का?"

तो थांबला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "ताई, एक राहिलंय."

"काय?"

"तुम्ही."

"मला सर्दी आहे."

"असू दे. रिपोर्टला धरू नका. पण पट्टी तुमच्यावरून लावलीय ना? मग आजच्या यंत्रावर तुम्ही कुठवर जाता, ते तरी बघू."

भिंतीवरच्या तिच्याच नियमाकडे तिनं एकदा पाहिलं. मग रागारागानं बाही वर केली, एवढी, की शिवण उसवल्याचा आवाज आला. त्यानं नीट रक्त काढलं. दुखलं नाही, हेही तिला त्या क्षणी आवडलं नाही.

पेशी तयार होईपर्यंत ती कपाटं पुसत बसली. ती पुसलेलीच होती. मग यंत्र सुरू झालं. तिची रेघ उठली, चढली, पांढऱ्या पट्टीपाशी आली आणि नेहमीसारखी तिथे थांबली. कारकून आणि तंत्रज्ञ वर काठाशी होते. खाली बाळ होतं. मधे बाळाची आई, बाळाचे वडील आणि ती, अशा तीन रेघा एकीवर एक पडल्या होत्या. कुठली कुणाची ते रंगावरूनच ओळखू येत होतं.

"सर्दीमुळे असेल," तंत्रज्ञ हळूच म्हणाला.

"सर्दीनं दारं अर्धी होत नाहीत."

"नाही," तो म्हणाला. "मलाही माहीत आहे."

ती पडद्याजवळ गेली. नखानं चिकटपट्टीचं टोक खरवडलं. इतक्या वर्षांत ती पट्टी काचेला पक्की बसली होती, सहज निघेना. एवढी सगळी माणसं मोजली, ती अर्ध्या पट्टीनं. हात चुकला, हात चुकला, म्हणून किती जणांना परत करायला लावलं. आता जुने सगळे रिपोर्ट बाहेर काढायचे, लॅबच्या प्रमुख सरांना सांगायचं, सर आधी हसतील आणि मग हसायचे थांबतील. ते सगळं डोळ्यांपुढे आलं आणि तिच्या तोंडून चांगली सणसणीत शिवी गेली. तंत्रज्ञानं ऐकलं नाही असं दाखवलं.

पट्टी निघाली. तिनं ती चुरगाळून बादलीत टाकली.

"डॉक्टरांना फोन लावा," ती म्हणाली. "मोजपट्टी तुम्ही. आईवडील दोघं अर्धे, बाळ शून्य. निदान पक्कं."

"आणि तुम्ही?"

"मी रिपोर्टात नाही."

डॉक्टरनं ऐकलं आणि पलीकडून मोठा श्वास सोडला. म्हणाली, मी वॉर्डातल्या कामाला लागते, त्या दोघी बाहेर बसल्याच असतील तर तुम्हीच सांगा, मला ते दारांचं नीट सांगता येत नाही. एरवी तिनं साफ नकार दिला असता. आता ती बाहेर गेली आणि बाकावर, दोघींच्या मधोमध, जागा करून बसली.

"बाळाच्या पेशींचं दार उघडत नाही," ती म्हणाली. "जन्मापासूनच. ते दार बनवायची माहिती प्रत्येकाला दोनदा मिळते, एकदा आईकडून, एकदा वडिलांकडून. तुमच्या दोघांकडे एक चांगली, एक बिघडलेली आहे. एक चांगली असली की माणूस उत्तम जगतो, त्याला पत्ताही लागत नाही. बाळाला दोन्हीकडून नेमकी बिघडलेली आली."

"आमच्या घरात असलं काही नाही," सासू म्हणाली.

"आहे. तुमच्या मुलाची रेघ आत पडद्यावर आहे, दाखवते हवी तर." तिचा आवाज चढला. ती थांबली, नाक पुसलं. "आणि हे दुधाचं डोक्यातून काढून टाका. दूध, आंघोळ, वारा, गुंडाळणं, कशाचा म्हणजे कशाचा संबंध नाही. बाळ पोटात असतानाच ठरलेली ही गोष्ट आहे. हिनं काय वाट्टेल ते केलं असतं तरी—"

बाळाची आई तिच्याकडे बघत होती. सासूनं पिशवीची पकड सैल केली, काही वेळानं पिशवी खाली ठेवली आणि हात पुढे करून सुनेची ओढणी, जी खांद्यावरून घसरली होती, ती नीट केली.

"आता वर जा," ती उठत म्हणाली. "डॉक्टर थांबल्यात. उपाय आहे. अवघड आहे, पण आहे."

त्या गेल्यावर ती लॅबमध्ये परतली नाही. जिन्याच्या वळणावर खिडकीपाशी गेली. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यांची रेघ आता काढता येणार नव्हती. सोन्या गेला तेव्हा कुणाला असलं काही मोजता येत नव्हतं. तिला मात्र मोजता येत होतं. रोज सकाळी बाही वर करून ती आपलं तेच अर्धं दार मोजत आली होती.

आईनं पहिल्याच रिंगला उचललं.

"काय झालं? तू कसा काय फोन केलास? ताप आला का?"

"नाही. आई, एक विचारायचंय."

"दूध घेतलंस?"

"आई, ऐक ना. सोन्याला घाम यायचा का गं?"

पलीकडे भांडी घासायचा आवाज येत होता, तो थांबला. नळ बंद झाल्याचं ऐकू आलं.

"आई?"

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"मी कुणाला बोलले नव्हते," आई म्हणाली. "तुझ्या बाबांनासुद्धा नाही. इतकं अंग तापायचं त्याचं, पण मान कोरडी ठणठणीत. मला वाटायचं, आतून थंडी वाजतेय, म्हणून आणखी गुंडाळायचे. मग त्या दिवशी अंगाला हात लाववेना. वाटलं, गार पाण्यानं जरा उतरेल." ती थांबली. "तेवढ्यात तुझी आत्या आली."

"तू बरोबर केलंस."

पलीकडे हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आई, ते आंघोळीनं नव्हतं. तुझ्यामुळे नव्हतं. त्याला जन्मतःच एक आजार होता, तेव्हा तो कुणाला ओळखताच येत नव्हता. मी आज बघितलंय. उद्या येते, सगळं समजावून सांगते. पण हे आज सांगायला फोन केला."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर आईचा, थोडा घोगरा, पण रोजचाच.

"मानेला हात लाव बघू."

तिनं फोन दुसऱ्या हातात घेतला. एक हात कॉलरमधून आत घातला, मानेवर ठेवला आणि तिथेच राहू दिला.

"आहे," ती म्हणाली. "ओली आहे, आई."